फळ्यावरचं शून्य

६ फेब्रुवारी
नऊ नंबरचे सुतारकाका गेले! पाय मोडला म्हणून आले होते. पायाने नाही गेले – लघवीच्या नळीने गेले. नळीवाटे जंतू आत शिरले, रक्तात पसरले, दोन दिवसांत सगळं संपलं.
मोठ्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "सिस्टर, नळी चौदा दिवस आत का होती?"
तिसऱ्या दिवशीच काढायची होती. कोणी काढा म्हणालं नाही, म्हणून कोणी काढली नाही. वॉर्डची इन्चार्ज मी. रोज सकाळी त्यांच्या पलंगाशी उभी राहत होते!
त्यांची बायको माझे हात धरून म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी खूप केलं हो."

७ फेब्रुवारी
मेट्रनबाई: "सगळ्यांना नव्याने शिकवा. जबाबदारी तुमची."

१० फेब्रुवारी
शिकवण्याआधी नुसतं बघायचं ठरवलं. वही घेऊन कोपऱ्यात बसले. न बघते तर बरं होतं!
मावशी लघवीच्या पिशव्या रिकाम्या करत होत्या – सगळ्यांच्या एकाच मगात! एकाची पिशवी झाली की तोच मग दुसऱ्याला, हातमोजेही तेच. "मावशी, अहो, हे काय?"
"बारा वर्षं असंच करते, ताई. कोणी कधी सांगितलंच नाही."
त्या बारातली आठ वर्षं मी इथेच आहे.

११ फेब्रुवारी
आज दुसरा धक्का. सलाईनच्या पंपाला चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं – 'दुप्पट धावतो. निम्म्यावर लावा.'
दुप्पट! त्यातून हृदयाची औषधं जातात! कधीपासून, आणि कळवलं का नाही, विचारलं. ठेंगणी बोलली. वॉर्डातली सगळ्यात जुनी नर्स, उंचीवरून हे नाव तिनेच स्वतःला ठेवलंय. म्हणे, "बिघाड कळवला की आधी आपल्याकडेच लेखी खुलासा मागतात – तुम्ही पाडला का? त्यापेक्षा चिकटपट्टी बरी."
पंप उचलला आणि स्वतः दुरुस्ती विभागात नेऊन ठेवला.

१७ फेब्रुवारी
प्रशिक्षण सुरू. भाषणं नाहीत. सरावाच्या पुतळ्यावर प्रत्येकीकडून नळी घालून घेते, काढून घेते. पिशवी जमिनीला टेकली की पुन्हा पहिल्यापासून! रोज सकाळी प्रत्येक पलंगाशी एकच प्रश्न – नळी अजून हवी का? मावशींकडे आता दर पेशंटला वेगळा मग. सगळ्यांत पक्क्या त्याच निघाल्या.
घरी लेक म्हणते, "आई, हात धुतलेत गं, पुतळ्याची शपथ!" किती दिवसांनी हसले.

२४ फेब्रुवारी
एवढं करून या आठवड्यात दोघांना संसर्ग! डोकंच फिरलं. वॉर्डात फळा टांगला. जिच्या पेशंटला संसर्ग, तिचं नाव लाल खडूने.
नवरा म्हणाला, "नावं कशाला? शाळा आहे का ती?"
म्हटलं, माणूस गेलंय माझ्या हातून.

३ मार्च
फळ्यावर एकच नाव.

१० मार्च
शून्य!!

२४ मार्च
सलग तिसरा आठवडा शून्य. मोठे डॉक्टर फळ्यापुढे थांबले. "आता बाकीच्या वॉर्डांनाही तुम्हीच शिकवा." मेट्रनबाईंनी स्वतः चहा मागवला – त्यांनी! सुतारकाकांच्या बायकोला फोन लावावासा वाटला. काय सांगणार होते कोण जाणे. नाही लावला.

२६ मार्च
लॅबमधल्या बाईंचा फोन. "सिस्टर, नळ्या घालणं बंद केलंत का? तीन आठवडे तुमच्याकडून लघवीचा एकही नमुना आला नाही."
एकही नाही!
ठेंगणीला गाठलं. मान वर न करता म्हणाली, "नमुना पाठवला की जंतू सापडतात, ताई. सापडले की नाव लागतं."
धावत वॉर्डात गेले. सहा नंबरच्या आजींच्या कपाळाला हात लावला. भाजत होतं.
पलंगाच्या तक्त्यावर लिहिलंय – ताप नाही.