न घेतलेला तास

गुरुवार, संध्याकाळ

कॉलेजात आज मला उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार मिळाला. बीएस्सी कॉम्प्युटरच्या मुलांनीच नाव सुचवलं होतं, रिकर्जनच्या, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या, एका तासासाठी. पण तो तास मी घेतलेलाच नाही. त्या दिवशी मी रजा टाकून मैंदर्गीला आजारी आईजवळ बसले होते.

कार्यक्रमानंतर वर्गातल्या सानियाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीच होता की मॅडम! लई शांत बोलत होता." तिने मोबाईलवर त्या दिवशीच्या फळ्याचा फोटो दाखवला. अक्षर माझंच. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ, तीही माझीच.

प्राचार्यांना रजेचा अर्ज दाखवून प्रमाणपत्र परत करू लागले. ते हसले. "अहो, तारीख चुकली असेल. घ्या, तुमच्या हक्काचं आहे." मी घेतलं. का घेतलं?

सानियाने पाठवलेला तो फोटो आता समोर आहे. ती आडवी रेघ पाहिली की फोटो बंद करावासा वाटतो. तरी सगळा फळा वाचला. बारा वर्षं शिकवतेय, पण रिकर्जन इतकं स्वच्छ मला स्वतःलाच आज पहिल्यांदा कळलं. असं शिकवणं मला कधीच जमलेलं नाही.

उद्या दहाला त्याच वर्गावर तास आहे. मुलं वाट बघतील. माझी नव्हे, त्या दिवशी शिकवून गेली तिची.