एल्डन प्रुइटची जड बंदूक

आयडाहो

प्रिय हेस्टरताई,

बंदुकांचे लाकडी दस्ते घडवताना अक्रोडाच्या लाकडावर चालणाऱ्या बाबांच्या रंध्याची सरसर, आज मी तेच काम करताना, अजून कानात आहे. मी ठीक आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

आज मात्र पार हादरलो. शिकारकथा लिहिणारा एल्डन प्रुइट माझ्या दुकानात आला होता. ‘हलकं काडतूस, नेमका नेम’ हे त्याचं वाक्य मला शाळेतल्या कवितेसारखं पाठ! त्यानेच जड काडतुसाची बंदूक टेबलावर ठेवली.

“दस्ता माझ्या मापाचा कर, ऑर्विल. हात कापतो आता. परवा हरीण जखमी होऊन निसटलं. जड गोळीने नेम जरा चुकला तरी जागीच पडेल.”

“अरे, जन्मभर जड बंदूकवाल्यांना हसलास ना!”

“म्हणूनच सांगतो म्हाताऱ्या, कुठे बोललास तर माझं लिहिणं संपलं.”

दार वाजतंय. खिडकीतून पाहतो तर जड काडतुसांचा कैवारी, एल्डनचा हाडवैरी लुंडग्रेन! आणि एल्डनच्या नावाची चिठ्ठी लावलेली बंदूक समोर उघडी पडलीय.

तुझा घाबरलेला भाऊ,
ऑर्विल