चौदाच्या चौदा हिरवे

सोमवार, ४. सकाळी
यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस कॉम्प्युटरकडे बघायचं नाही. म्हणजे पुढच्या खोलीतला कारभार आता माझ्याकडे. हे चौदा गिऱ्हाइकांच्या वेबसाइट चालवतात. पडद्यावर चौदा ओळी. चालू असली की हिरवा ठिपका, पडली की लाल. दिवसातून तीनदा बघून यांना रंग सांगायचा. बटणांना हात लावायचा नाही, असं दोनदा बजावलं. मी मॅट्रिकला गणितात दुसरी आले होते, हे विसरलेले दिसतात.

दातांच्या दवाखान्याची ओळ जप, म्हणाले. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. निम्मं घर त्या दातांवर चालतं, आणि करार याच आठवड्यात संपतोय.

नणंदबाईंचा फोन. वहिनी, मी येऊन बसते, माझं शिक्षणच त्यातलं. म्हटलं, रंग ओळखायला डिग्री लागत नाही. मागच्या खेपेला टेबलावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ उमटवून गेली. अजून घासतेय.

दुपारी
कीबोर्ड उलटा करून झटकला. बिस्किटाचा चुरा, केस आणि नखं. नखं! अठ्ठावीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून जेवतेय. शिसारी आली. तीनदा हात धुतले, मगच जपाला बसले.

मंगळवार, ५
चौदाच्या चौदा हिरवे. पण सगळ्यांच्या खाली एक पंधरावी ओळ सापडली. नाव वॉचर. पुढे लिहिलेलं : चौदा दिवसांत पाठवलेले निरोप, शून्य. चोवीस तास चालू आणि काम शून्य! रिकाम्या खोलीत पंखा गरगरत ठेवल्यासारखं. माझ्या घरात असा ऐतखाऊ पोसला गेलेला नाही, यांचे मामा सोडून. हात लावू नको म्हणाले ते गिऱ्हाइकांच्या बटणांना. हा काही गिऱ्हाईक नव्हे. देवाचं नाव घेतलं आणि बंद केला.

यांना सांगितलं नाही. डोळ्यावर ताण येतो.

बुधवार, ६
तिन्ही वेळा चौदाच्या चौदा हिरवे. हे असताना असं कधी झालं नव्हतं. महिन्यातून एखादं तरी लाल व्हायचंच. बसण्याआधी मी अकरा वेळा नाम घेते, त्याचा गुण. पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘मंगळवार ११.४०’ लिहिलेलं असतं. काल मी वॉचर बंद केला ती वेळ. चांगल्या कामाची नोंद यंत्रसुद्धा ठेवतं, माणसं ठेवत नाहीत.

गुरुवार, ७
यांचा मोबाइल माझ्याकडेच आहे. दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टचा फोन. मॅडम, कालपासून पेशंटना वेळ घेता येत नाहीये, साइट उघडतच नाही. मी म्हटलं, थांब, बघते. बघितलं. हिरवं. तसं सांगितलं. तर म्हणे, तुमच्याकडे हिरवं असेल हो, इथे वेळ न मिळालेली माणसं दारातच भांडतायत. बोलताना तोंडात काहीतरी चघळत होती. दातांच्या दवाखान्यात! घाण वाटली. तुमचा कॉम्प्युटर आधी पुसा, म्हणून सांगितलं.

यांनी विचारलं, कोण होतं? म्हटलं, राँग नंबर.

शुक्रवार, ८
पुन्हा तीच. दोनदा. एका खुर्चीला तीन पेशंट आले म्हणे, एक आजोबा गाल धरून तासभर उभे. अहो, मग त्यांना बसवा! हेही मीच सांगायचं? नणंदबाईंचाही फोन : सगळं ठीक ना, वहिनी? म्हटलं, येऊन ठिपके मोज. हसली. तिचं हसणं मला कधीच आवडलेलं नाही.

शनिवार, ९
दंतवैद्य स्वतः फोनवर. मी शांतपणे समजावलं, पाच दिवसांत पंधरा वेळा बघितलंय, वहीत टिकमार्क आहेत, दोष तुमच्याकडचा. ते म्हणाले, बरं, बघतो मी काय करायचं ते. चूक कळली की मोठी माणसं अशीच मवाळ होतात.

सोमवार, ११
डॉक्टरांनी परवानगी दिली. हे खुर्चीत बसले. मी वही पुढे केली. यांनी वही बघितलीच नाही. चष्मा न लावता थेट कोपऱ्यातली मुंगी वाचली. अगं, मंगळवार कसा हा? आज सोमवार.

ऑपरेशन उत्तम झालंय.

नणंदबाई अर्ध्या तासात हजर. वॉचर चालू केला. बटण दाबताच दातांची ओळ लाल. मग म्हणते कशी, वहिनी, तोच प्रत्येक साइट बघून येतो आणि तोच रंग लावतो. काही पडलं तर निरोप पाठवतो, पडलेली साइट पुन्हा उठवतोही. निरोप शून्य म्हणजे कुणी पडलंच नव्हतं. तुम्ही सहा दिवस मंगळवारचं चित्र बघत होतात.

मी म्हटलं, मग त्याच्या ओळीवर तसं लिहायला नको?

नणंदबाईने कॉफी मागितली. दिली. कप टेबलावरच ठेवला तिने, बशी असून. या वेळी मी बशी पुढे सरकवली नाही.

मंगळवार, १२. सकाळी
यांनी दवाखान्यात फोन केला. दुसऱ्याला काम देऊन झालंय, म्हणाले. मग यांनी दातांची ओळ काढून टाकली.

सवयीने वही घेऊन गेले. तेराच्या तेरा हिरवे.