अंगठ्याखालचे शॉर्टकट

मंगळवार, संध्याकाळ. आंधळगाव.

करंगळी परत ठणकतेय. तरी लिहितेच.

नागपूरच्या कंपनीचं कोडिंग मी घरून करते. दिवसभर कंट्रोलचं बटण दाबून करंगळी आखडायची, म्हणून एडिटरमधले सगळे शॉर्टकट बदलून अंगठ्याखाली आणले. महिनाभर चुकत राहिले, स्वतःलाच शिव्या घातल्या. काल पहिल्यांदा अंगठा न बघता बरोबर बटणावर गेला. करंगळी शांत होती.

आणि आज यांनी भाचीच्या बारशाचं आमंत्रण लिहायला तोच एडिटर उघडला. बटणं भलतंच करतात म्हणून माझं सगळं पुसून पहिल्यासारखं करून टाकलं.

"कीबोर्ड बिघडला होता वं तुहा. सुधरवून देलो." वर चहा मागितला.

मला एक हाक काहून नाही मारली? त्यांच्या गाडीचा आरसा मी एकदा माझ्या उंचीला वळवला होता, तर बपेरा गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यांची ती सवय. माझा तो बिघाड?

मघाशी जेवायला वाढताना पाण्याचा गडवा मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला ठेवला. रोज उजव्या हाताला असतो. नजर मोबाईलवर, हात उजवीकडे चाचपडत राहिला.

"गडवा कोठी गेला?"

"बिघडला होता," म्हटलं. "सुधरवून देली."

ते हसले. हात लांबवून गडवा उजवीकडे घेतला, झालं त्यांचं. मला आता एकेक शॉर्टकट परत लावायचा आहे. तोही करंगळीनंच.