पिंपातलं बाळंतपण

वाहाका शहर,
३ फेब्रुवारी १९९८

ती. आईस,
झेनायदाचा शि. सा. न. पोटातल्याचाही नमस्कार, पण ते सध्या आडवं बसलंय, तेव्हा त्याचा वाकडा नमस्कार गोड मानून घे.

तू पाठवलेलं चॉकलेट पोचलं. निम्मं रुफिनानंच फस्त केलं. चार वर्षांची पोर, पण डबा कुठे लपवलाय ते तिला बरोबर कळतं.

आता मुद्द्याचं. आधी बस, मग वाच. या खेपेला मी दवाखान्यात जाणार नाही. घरीच बाळंत होणार, आणि तेही पाण्यात. ओफेलिया म्हणून शिकलेली सुईण आहे, आमच्या गल्लीतल्या दोघी तिच्याच हाताखाली कोमट पाण्यात बसून मोकळ्या झाल्या. तुझ्या जावयाच्या, आन्सेल्मोच्या, काकांनी मेस्कालसाठी, घायपाताचा रस आंबवायला, नवं लाकडी पिंप करून घेतलं होतं. तेच त्यांनी कमरेइतकं कापून दिलंय. तू विचारणारच, म्हणून सांगते, दारूचा थेंब त्याला लागलेला नाही.

रुफिनाच्या वेळी मला अकरा तास पाठीवर झोपवून ठेवलं होतं. आणि तू, जिनं अर्ध्या डोंगराची बाळंतपणं केलीस, तुला फाटकावरच अडवलं. ते मला अजून सलतं. या वेळी घर माझं आहे, तुला कोण अडवतंय बघू. मार्चअखेर ये.

बाबांना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.
तुझी,
झेनायदा


सान होआकीन,
१७ फेब्रुवारी

चि. सौ. झेनायदास,
अनेक आशीर्वाद. त्यातला एक अक्कल येण्यासाठी वेगळा काढून ठेवलाय.

पत्र बसून वाचलं. मग उठले, मग पुन्हा बसले. अगं, एक्केचाळीस वर्षं मी बायकांना बजावत आले की बाळंतिणीनं गारव्यापासून जपायचं. चूल पेटती हवी, पोटावर गरम फडकं हवं, नंतर वाफेच्या खोलीत शेक हवा. आणि माझीच लेक मुळा धुवायला टाकावा तशी पिंपात बसणार. लोकांना काय सांगू?

हसण्यावारी नेऊ नकोस. तुझी लुपेमावशी बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी नदीच्या पाण्यात उतरली आणि आठवड्याच्या आत गेली. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. मी सख्खी बहीण, वर सुईण, आणि मला काही करता आलं नाही. तसं मला पुन्हा बघायचं नाही. मी येणार नाही.

तुझे बाबा जा म्हणतात. त्यांना म्हटलं, तुम्ही बकऱ्या सांभाळा. तुझी ती ओफेलिया अठ्ठावीस वर्षांची असल्याचं टपालवाल्याकडून कळलं. माझ्या चपला तिच्याहून जुन्या आहेत. पण बाळ आडवं असेल तर तिला सांग, कमरेखालून शाल घालून हलक्या हातानं हलव. ओढू नको म्हणावं.

रुफिनाला पापा. राग आहे, पण माया त्याहून जास्त आहे, ती असू दे.
तुझी आई,
एउफ्रासिया


वाहाका शहर,
१२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

शालीनं हलवलं. तीन दिवसांत बाळ सरळ झालं. ओफेलिया म्हणते, तुमच्या आईकडे मला शिकायला पाठवा.

तू येणार नाहीस हे वाचून मी मोरीत जाऊन रडले. मला पाणी हवंय, कारण दवाखान्यातल्या त्या पलंगाची मला अजून भीती वाटते. पण तूही हवी आहेस. दोन्ही मिळणार नसतील तर पिंप काकांना परत देते. तू सांगशील तसं करते, चटईवर, चुलीपाशी, कुठेही. फक्त ये.

पत्र पोचताच निघ.
तुझी,
झेनायदा


वाहाका शहर,
२ एप्रिल

ती. हर्मिनियाताईस,
एउफ्रासियाचा सा. न. वि. वि. मुलगा झाला, सोमवारी, भर दुपारी. दोघं सुखरूप आहेत. हे आधी लिहिलं म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

पोरीचं पत्र वाचलं आणि उत्तर न लिहिता बस पकडली. माझ्यासाठी ती एवढं सोडायला निघाली, ते मला सोसेना. पिंप राहू दे म्हटलं. पण येताना आपल्या वाफेच्या खोलीतला पाला पोतंभर आणला होता.

सोमवारी सकाळी कळा सुरू झाल्या. ओफेलियानं पिंप भरलं. पाणी कोमट होतं, तळ दिसेल इतकं स्वच्छ. झेनायदा त्यात बसली. ओफेलिया हात धुवायला गेली तेवढ्यात मी पाण्यात बोट घातलं. ऊब होती, पण नुसत्या पाण्यात काय जोर असणार, असं मला वाटलं. मग पाला उकळून निववलेल्या पाण्याचे दोन हंडे ओतून मोकळी झाले.

पाणी काळ्या कॉफीसारखं झालं. ओफेलियानं येऊन कपाळावर हात मारला. मावशी, आता मला बाळ दिसणार कसं, म्हणाली. पाणी बदलावं तर टाकीत थेंब नाही, टँकर दुसऱ्या दिवशी यायचा. तिनं झेनायदाला बाहेर यायला सांगितलं, तर ती म्हणाली, आता मला उठवत नाही, बाळ खाली आलंय. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं करायला गेले आणि माझ्याच लेकीच्या वाटेत खोडा घालून बसले.

ओफेलियानं माझ्या हातांकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, मावशी, डोंगरात तुम्ही डोळ्यांनी बघून बाळंतपणं करता का. मी म्हटलं, कधीच नाही. बाई परकरात असते, वर घोंगडी असते, मी हातानंच बघते. तर म्हणाली, मग बाह्या वर करा आणि या पुढे.

ती बाळाचे ठोके ऐकत राहिली आणि मी कोपरापर्यंत हात पाण्यात घातले. डोकं हाताला लागलं. मानेभोवती नाळेचा एक वेढा होता, तो बोटानं काढला. मग बाळ अलगद माझ्या ओंजळीत आलं, ते वर उचलून झेनायदाच्या छातीशी दिलं. तिथेच रडलं पठ्ठ्या.

संध्याकाळी मला आपली लुपे आठवली. तिला पाण्यानं नाही नेलं, ताई. ओल्या बाळंतिणीला धुण्याचा गठ्ठा देऊन गार नदीवर धाडलं आपण सगळ्यांनी, आणि इतकी वर्षं मी दोष पाण्याला देत बसले. झेनायदाला मी चाळीस दिवस कामाला हात लावू देणार नाही. तोवर बकऱ्यांकडे आणि आमच्या ह्यांच्याकडे तू बघ, दोघंही सांगितल्याशिवाय खात नाहीत.

आणखी एक आहे, ते मोठ्यानं वाचू नकोस. माझी पाचही बाळंतपणं चटईवर झाली, तोंडात शालीचा बोळा धरून. आवाज बाहेर जाता कामा नये, असं सासूबाई म्हणायच्या. पुढे मीही गावातल्या बायकांना तेच सांगत राहिले. आणि सोमवारी माझी लेक दोन कळांच्या मधे आन्सेल्मोच्या घाबरलेल्या तोंडाकडे बघून हसत होती, गल्लीला ऐकू जाईल असं. बाळंतपणात हसणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. मी आनंदानं रडले असं सगळ्यांना वाटलं. आनंद होताच. पण ताई, मला तिचा हेवा वाटला.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी,
एउफ्रासिया