पहिल्या वर्षाला चाळीस नावं

३ जून

चाळीस! पहिल्या वर्षाला चाळीस नावं हवीत, तीही तीस तारखेच्या आत. नाहीतर आपल्या कॉलेजचं पहिलं वर्ष बंद. सकाळी पेंगुळ्या दारात उभा राहूनच हे सांगून गेला. आता प्राचार्य झाला असला तरी माझ्यासाठी तो पेंगुळ्याच. पहाटे गुरांचं सगळं उरकून यायचा आणि पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकायचा. मी शिकवलेली नदीची कविता ह्याने तीन वर्षं झोपेत ऐकली.

"किती आलीत?" मी विचारलं.

"एकवीस. सर, तुम्ही घरोघर फिरलात तर… तुमचा शब्द मानतात लोक."

निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, कोण मानतंय! तरी छाती फुगलीच.

५ जून

पेंगुळ्याने जुने हजेरीपट पाठवले. धुळीने शिंकून शिंकून बेजार.

मी हजेरी नंबराने घेत नसे, गावावरून घेत असे. "टेकडीपलीकडचे?" — "हजर, हजर, हजर." "नदीकाठचे?" — वर्ग गप्प. म्हणजे पूल पाण्याखाली. मग नवी कविता उद्यावर ढकलायची आणि जुनीच पुन्हा म्हणायची. बाकीच्या प्राध्यापकांना हसू यायचं. आज तीच पद्धत कामाला आली. कुठल्या गावात कुणाचं घर, सगळं एका पानावर. त्या मुलांची मुलं आता शाळा संपवून बसली असतील.

७ जून

टेकडीपलीकडे गेलो. पूर्वी चढताना कविता म्हणायचो, आज नुसता श्वास.

पहिल्याच घरी एक बाप म्हणाला, "सर, बंद पडायला आलेल्या दुकानात कोण शिरतं?" हा माझाच विद्यार्थी. उपमा बरी दिली, म्हणून रागावताही येईना.

दूध केंद्रावरच्या बाईने मात्र दोन नावं मिळवून दिली. दुधाचं फॅट तपासता तपासता रांगेतल्या बायकांना दटावत होती, "मी कुठे शिकले? ह्यांच्याच वर्गात. सकाळी सातवीसचा तास आणि साडेबाराला घरी. शहरात कोण पाठवणार होतं मला?"

तेवीस.

१२ जून

अठ्ठावीस. नदीकाठी एका आईने अर्धा तास उभं ठेवलं. शेवटी म्हणाली, "कॉलेज इथे आहे तोवर पोरगी शिकेल. दोन तासांवर असेल तर नाही. मला वाद घालता येत नाही, पण तिच्या बापाला मी ओळखते." मुलगी आतून ऐकत होती. तिने फॉर्म माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

परतताना जुन्या घाटावर बसलो. पलीकडचं घर सूनबाईचं माहेर. दुसऱ्या वर्षाला ती नुकतीच आली होती. एक दिवस तिने वर्गात कविता म्हटली. शेवटची ओळ अशी हळू सोडली की मी खडू खाली ठेवला. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांपुढे जाऊन बसलो, "अशी मुलगी आमच्या घरात हवी." मुलालाही पसंत पडली. महिन्याभरात लग्न. किती जणांना मी ही गोष्ट रंगवून सांगितली आहे!

१६ जून

नावं शोधताना भलतंच सापडलं.

कुणी कॉलेज सोडलं की मी नावावर लाल रेघ ओढायचो आणि पुढे कारण लिहायचो. अक्षर तेव्हा मोत्यासारखं. गाव सोडले. आजारी. लग्न झाले. लग्न झाले. लग्न झाले. एकेक वळण काय सुरेख! नदीकाठच्या यादीत सूनबाईचं नाव. रेघ माझी, कारणही माझंच.

तिला विचारल्याचं काही आठवत नाही. वडिलांना विचारलं होतं.

१७ जून

कुठेच गेलो नाही. गुडघा दुखतोय असं घरात सांगितलं. दुखत नव्हता.

२४ जून

चौतीस. रोज फिरतोय, तरी जीव थाऱ्यावर नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, आता पुरे. पंप बिघडला तर मी दुरुस्त करतो, पण पाणीच आटलं तर काय करणार?" कामावर निघून गेला.

धीर करून सूनबाईला विचारलं, "तुला तेव्हा पुढे शिकायचं होतं का गं?"

ती झाडत होती. "पाय घ्या, बाबा."

मी पाय वर घेतले. "सांग ना."

"तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता."

"आणि तुला?"

"दुसरापण घ्या. तुमच्या खाली केवढा कचरा साठलाय."

३० जून

सदतीस. पत्र दुपारीच आलं. पहिलं वर्ष बंद. दुसरं आणि तिसरं आहेत ती मुलं बाहेर पडेपर्यंत चालतील.

"म्हणजे दोन वर्षं, सर. मग कुलूप," पेंगुळ्या म्हणाला. आज त्याची झोप कुठल्या कुठे पळालेली.

दवाखान्यातली नर्स, दूध केंद्रावरची बाई, चार गावांतल्या शाळांचे मास्तर, विजेच्या खांबावर चढणारा तो उंच गडी — सगळे त्याच सातवीसच्या तासाला बसलेले. पत्रात ह्यांच्यासाठी रकाना नव्हता. नदीकाठच्या त्या मुलीकडे निरोप घेऊन कोण जाणार? मीच जायला हवं. फॉर्म मी दिला होता.

१ जुलै

जाऊन आलो. मुलगी ऐकून आत निघून गेली. आई म्हणाली, "पाणी घ्या, सर." घेतलं.

३ जुलै

पेंगुळ्या येऊन सांगून गेला, दुसऱ्या वर्षाला एक नाव वाढलंय. अर्जासोबत पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, पंधरा वर्षांपूर्वीची, नीट घडी घालून जपलेली. सूनबाईची. वर्गात पहिली आली होती. हे मी विसरलो होतो.

ती आत भांडी लावत होती. वळूनही न बघता म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी सातला निघणार. सकाळचा चहा तुमचा तुम्ही बघा."

साखर कुठे असते ते विचारून घेतलं.