गैरसोयीबद्दल दिलगीर

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. गुडघा कसा आहे? ("ठीक" लिहू नकोस, खरं लिही.) पत्रास कारण एक घोर अन्याय. माझी वाक्यं मध्येच तोडून पुरी करण्याचा मान लग्नापासून तुझ्या भावजयीकडे होता. तो आता फोनने बळकावला आहे. मी दोन अक्षरं टाइप केली की तो पुढची ओळ वाढून ठेवतो, आणि मी, दमलेला माणूस, मुकाट्याने गिळतो.

पाणीखात्यात तक्रारींना उत्तरं द्यायचं माझं काम तुला ठाऊक आहेच. पूर्वी लिहायचो, आता तयार उत्तरांवर बोट ठेवतो. नळ कोरडा असो की घरात तळं साचो, बोट सारख्याच मायेने पडतं. दिवसभर इतकी दिलगिरी वाटतो की घरी न्यायला काही उरत नाही. हे सगळं स्वतःच्याच फोनवर करायचं (खात्याची काटकसर), तिथेच घोळ झाला. परवा हिचा मेसेज आला: "गाठ साधी निघाली. खूप घाबरले होते." (तपासणीला सोबत येतो म्हणालो होतो. नको म्हणाली. मी लगेच ऐकलं, तेही तिच्या मनात आहेच.) त्याआधीचे सगळे मेसेज नळांचे होते. बोट सवयीने पडलं. माझ्या बायकोला माझं उत्तर गेलं: "आपली तक्रार नोंदवली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

तेव्हापासून अबोला. जेवायला वाढलंय हेसुद्धा मेसेजने कळतं. शेवटी फोनलाच म्हटलं, बाबा रे, आता माफीही तूच लिही. त्याने अशी काही लिहिली की वाचून मलाच गहिवरून आलं. पाठवली. स्वयंपाकघरातून ती पहिल्यांदाच तोंडाने बोलली.

"जन्मात कधी 'अंतःकरणपूर्वक' म्हणालात का तुम्ही? ज्याने हे लिहिलंय त्याला आत पाठवा. त्याच्याशी बोलते."

ताई, तो गेला असता तर मी खुशाल पाठवला असता. म्हणून आज कागद घेतला. कागद काही सुचवत नाही. (फार अडचण होते.)

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरं काम हे, की तू हिला फोन करून माझी बाजू मांड. तुझा शब्द ती मोडत नाही.

आणखी ता. क. फोन करू नकोस. पाकिटासाठी डिंक शोधत स्वयंपाकघरात गेलो, तर ती भांडी पुसत होती. मीही एक फडकं घेतलं आणि परवाच विचारायला हवं होतं ते विचारलं: "फार घाबरली होतीस का?" ती बराच वेळ सांगत राहिली. मी मध्ये बोललो नाही. भांडी संपली, तेव्हा आम्ही कोरडीच पुन्हा पुसायला घेतली.